विद्यापीठाचे नाव ट्रेडमार्क म्हणून कसे राखावे: तयारी, पायऱ्यांचा क्रम आणि हमखास होणाऱ्या चुका

"आमच्याच नावावर दुसऱ्याने ट्रेडमार्कचा अर्ज टाकलाय, आता काय करायचं?" असा फोन येतो, तोवर बहुतेक संस्थांनी समोरच्याला कडक नोटीस धाडलेली असते. नोटिशीत "आमचा नोंदणीकृत ट्रेडमार्क" असे लिहिलेले असते आणि नोंदणी झालेलीच नसते. किंवा झालेली असते, पण माजी अध्यक्षांच्या वैयक्तिक नावावर. शिक्षणसंस्थांची ही प्रकरणे हाताळताना मला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. कायदा बहुधा संस्थेच्या बाजूने असतो, पण क्रम चुकल्यामुळे सोपे प्रकरण अवघड होऊन बसते. म्हणून हा लेख क्रमाने लिहिला आहे आणि त्याच क्रमाने वाचावा. नाव आजच कोणी वापरत असेल आणि तुम्ही थेट टप्पा ८ उघडणार असाल, तरी आधी पहिले तीन टप्पे वाचा. त्यांच्याशिवाय आठवा उभा राहत नाही.

सुरुवातीला एक गैरसमज

"आमचे विद्यापीठ कायद्याने स्थापन झाले आहे, मग वेगळा ट्रेडमार्क कशाला?" विद्यापीठ अनुदान आयोग कायदा, १९५६ मधील कलम २३ नुसार, रीतसर स्थापन झालेल्या विद्यापीठाखेरीज कोणालाही आपल्या नावात 'युनिव्हर्सिटी' हा शब्द लावता येत नाही. हे कलम त्या शब्दाला संरक्षण देते. तुमच्या नावातला जो भाग ओळख पटवतो, त्याला देत नाही. तुमचेच नाव पुढे लावून कोणी 'अकॅडमी', 'क्लासेस' किंवा 'इन्स्टिट्यूट' काढली तर कलम २३ तुमच्या कामाचे नाही. शिवाय कलम २४ मधील दंडाची मर्यादा १,००० रुपये आहे. एवढ्यावर कोणी पाटी उतरवत नाही.

## टप्पा १: नावाचा मालक कोण, हे कागदावर ठरवा

अर्ज चुकीच्या मालकाच्या नावे गेला तर पुढचे सगळे डळमळीत होते. म्हणून आधी हे तपासा:

१. राज्याच्या कायद्याने स्थापन झालेले विद्यापीठ स्वतःच निगम, म्हणजे कायद्याच्या दृष्टीने स्वतंत्र व्यक्ती असते. अर्ज विद्यापीठाच्या नावे करायचा आणि सही अधिकृत अधिकाऱ्याची, म्हणजे सहसा कुलसचिवांची घ्यायची.

२. अभिमत विद्यापीठ असेल तर चालवणारा न्यास आणि विद्यापीठ अशा दोन संस्था असू शकतात. नाव आधी कोणी वापरले? न्यासाने शाळा-महाविद्यालयांसाठी ते नाव चाळीस वर्षे वापरले असेल आणि विद्यापीठ नंतर आले असेल, तर मालक बहुधा न्यास ठरतो. मग न्यासाने विद्यापीठाला वापराची लेखी परवानगी दिली पाहिजे. तोंडी चालत आलेली परवानगी वाद पेटला की कोणालाच आठवत नाही.

३. न्यासाच्या बाबतीत धर्मादाय आयुक्तांकडच्या नोंदी पाहा. विश्वस्त बदलले, पण चेंज रिपोर्ट (हा बदल नोंदवण्याचा अर्ज) मंजूर झालेला नाही, असे असेल तर सही करणाऱ्याच्या अधिकारावरच पहिला हल्ला होतो.

मग व्यवस्थापन परिषदेचा किंवा विश्वस्त मंडळाचा ठराव घ्या. नाव कोणते, मालक कोण, अर्जावर आणि वकीलपत्रावर सही कोण करणार, या तिन्ही गोष्टी ठरावात असाव्यात.

सावधान: "घाई आहे, सध्या सरांच्या नावाने टाकू, नंतर बदलू" हे कधीही करू नका. सर हयात असतील तोवर अडचण दिसत नाही. नंतर वारसांमध्ये वाद झाला तर विद्यापीठाचे नाव कौटुंबिक वाटणीच्या दाव्यात जाऊन पडते.

## टप्पा २: 'नाव' म्हणजे नेमके काय काय, याची यादी करा

संस्थेला एकच नाव असते असे आपण समजतो. प्रत्यक्षात अधिनियमातले पूर्ण नाव, त्याचे मराठी रूप, इंग्रजी रूप, आद्याक्षरे, लोकांच्या तोंडी असलेले छोटे नाव, बोधचिन्ह, ब्रीदवाक्य आणि बदलण्यापूर्वीचे जुने नाव एवढी रूपे असतात. ट्रेडमार्क कायद्याच्या कलम १७ नुसार (पुढे नुसते 'कलम' म्हटले की ते याच कायद्याचे), संपूर्ण चिन्हाची नोंदणी झाली म्हणून त्यातल्या एखाद्या भागावर आपोआप स्वतंत्र हक्क मिळत नाही. आद्याक्षरे जपायची असतील तर त्यांचा अर्ज वेगळा करावा लागतो.

छोटे नाव किती महत्त्वाचे असते ते जपानच्या क्योतो शहरातल्या वादात दिसले. तिथल्या एका खासगी कला विद्यापीठाने २०१९ मध्ये नाव बदलून 'क्योतो गेइजुत्सु दायगाकु', म्हणजे क्योतो कला विद्यापीठ, असे करायचे जाहीर केले. त्याच शहरातल्या क्योतो महानगर कला विद्यापीठाला लोक पूर्वीपासून 'क्योतो गेइदाय', 'क्योगेइ' अशा छोट्या नावांनी ओळखत. महानगर विद्यापीठ ओसाका जिल्हा न्यायालयात गेले आणि ऑगस्ट २०२० मध्ये त्याचा दावा फेटाळला गेला. ती छोटी नावे पुरेशी प्रसिद्ध असल्याचे सिद्ध झाले नाही, आणि अधिकृत नावातला 'महानगर' हा शब्दच दोन संस्थांत फरक करतो, असे न्यायालयाने म्हटले. पुढे अपिलात २०२१ मध्ये तडजोड झाली. ते प्रकरण जपानच्या कायद्याखाली चालले, पण त्यातली अडचण आपल्याकडेही तीच आहे. लोक ज्या नावाने हाक मारतात ते संस्थेच्या स्वतःच्या कागदांवर दिसत नसेल, तर न्यायालयात ते तुमचे म्हणून दाखवणे जड जाते.

जुन्या नावाचेही तसेच. पुणे विद्यापीठ २०१४ मध्ये सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ झाले, तरी जुने नाव अजून सर्रास तोंडी येते. ज्या संस्थेचे नाव बदलले आहे तिने दोन्ही नावांचा विचार एकत्र करावा. नोंदणीनंतर सलग पाच वर्षे आणि तीन महिने चिन्ह वापरात नसेल तर कलम ४७ खाली ते काढून टाकण्याची मागणी होऊ शकते. म्हणून जुने नाव निदान माजी विद्यार्थ्यांच्या पत्रव्यवहारात, पदवीच्या प्रतींवर, संकेतस्थळावर "पूर्वीचे नाव" म्हणून जिवंत ठेवा.

व्यक्तीचे नाव असेल तर दोन तपासण्या:

- नाव हयात व्यक्तीचे किंवा गेल्या वीस वर्षांत निधन झालेल्या व्यक्तीचे असेल, तर कलम १४ खाली तिची किंवा तिच्या कायदेशीर प्रतिनिधींची संमती मागितली जाऊ शकते. ती आजच लेखी घेऊन ठेवा.
- बोधचिन्हे आणि नावे (अनुचित वापरास प्रतिबंध) कायदा, १९५० च्या अनुसूचीत छत्रपती शिवाजी महाराज आणि महात्मा गांधी यांची नावे व चित्रे आहेत. अशा नावांच्या व्यावसायिक वापरासाठी आणि नोंदणीसाठी केंद्र सरकारची परवानगी लागते. बोधचिन्हात महाराजांची मुद्रा किंवा चित्र असेल तर फी भरण्यापूर्वी हा मुद्दा वकिलाकडून तपासून घ्या.

## टप्पा ३: पुराव्याची पेटी

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. भारतात आधी वापर करणाऱ्याचा हक्क नोंदणी करणाऱ्याच्या हक्कापेक्षा वरचढ ठरतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये तिरुनेलवेलीच्या हलव्याच्या नावावरील सय्यद मोहिदीन प्रकरणात हे स्पष्ट शब्दांत सांगितले. कलम ३४ तेच सांगते. पण "आम्ही १९७२ पासून वापरतोय" हे वाक्य म्हणजे पुरावा नव्हे.

एका संस्थेच्या नोंदणी शाखेत मी दोन दिवस बसले होते. लोखंडी कपाटातून माहितीपुस्तिकांचे गठ्ठे निघाले. टाचण्यांचा गंज कागदात उतरलेला, मुखपृष्ठे पिवळी पडलेली. आठ पुस्तिकांवर नाव ठळक होते, पण साल कुठेच नव्हते. मग एकीच्या शेवटच्या पानावर तळाशी बारीक अक्षरात मुद्रणालयाचे नाव आणि महिना-वर्ष छापलेले सापडले, आणि ती पुस्तिका एकदम मोलाची झाली. बाकीच्या सात नुसत्या जुन्या होत्या. तेव्हापासून मी आधी शेवटचे पान बघते.

पेटीत काय असावे:

- स्थापनेचा अधिनियम, राजपत्रातील अधिसूचना किंवा न्यासाची नोंदणी
- दर पाच-सात वर्षांतून एक, तारीख असलेली माहितीपुस्तिका
- प्रवेशाच्या जाहिराती. कात्रण एकटे नको, वर्तमानपत्राचे नाव आणि तारीख दिसेल असे पूर्ण पान हवे
- गुणपत्रिका आणि पदवी प्रमाणपत्रांचे नमुने, विद्यार्थ्याचे नाव झाकून
- आयोगाशी किंवा शासनाशी झालेला पत्रव्यवहार, आवक-जावक क्रमांकासह
- जाहिरातींवरील खर्च आणि शुल्काचे उत्पन्न, वर्षवार, सनदी लेखापालाच्या प्रमाणपत्रासह
- संस्थेशी संबंध नसलेल्या लोकांनी छोट्या नावाचा उल्लेख केलेल्या बातम्या

शेवटचा मुद्दा सर्रास राहून जातो. क्योतोचे प्रकरण त्याच ठिकाणी अडले होते.

तपासा: नाव सगळीकडे एकसारखे आहे का? लेटरहेडवर 'विद्यापीठ', शिक्क्यावर 'युनिव्हर्सिटी', पावतीवर फक्त न्यासाचे नाव, अशी गत असेल तर आजपासून एक रूप ठरवा. जुने कागद मात्र जसे आहेत तसेच ठेवा. त्यांच्यावर काही लिहिणे, खाडाखोड करणे, तारीख टाकणे म्हणजे आपलाच पुरावा मारणे.

## टप्पा ४: शोध घ्या

ट्रेडमार्क नोंदणी कार्यालयाच्या संकेतस्थळावर शोध विनामूल्य आहे. नुसते नाव टाकून थांबू नका. उच्चारानुसार शोध, स्पेलिंगचे सगळे प्रकार आणि बोधचिन्हासाठी व्हिएन्ना कोड (चिन्हातल्या चित्रांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाचा क्रमांक), तिन्ही वापरा. 'पीठ' हा एकच शब्द लोक इंग्रजीत निदान तीन तऱ्हांनी लिहितात. सारखे चिन्ह सापडले तर त्याचा अर्ज क्रमांक, वर्ग (वस्तू-सेवांच्या पंचेचाळीस गटांपैकी कोणता), अर्जाची तारीख, वापराची दाखवलेली तारीख आणि सद्यस्थिती उतरवून घ्या. चिन्ह कार्यालयाच्या साप्ताहिक जर्नलमध्ये प्रसिद्ध होऊन चार महिने उलटायचे असतील तर बाकी सगळे बाजूला ठेवा आणि टप्पा ७ वर जा.

## टप्पा ५: अर्ज

महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश आणि छत्तीसगडमधल्या संस्थांसाठी मुंबईचे कार्यालय आहे. अर्ज टीएम-ए नमुन्यात, ऑनलाइन. संस्थांसाठी ऑनलाइन फी प्रत्येक चिन्हाला प्रत्येक वर्गामागे ९,००० रुपये. व्यक्ती, स्टार्टअप आणि लघुउद्योगांना लागू होणारा ४,५०० चा दर विद्यापीठाने गृहीत धरू नये.

वर्ग निवडताना वर्ग ४१ म्हणजे शिक्षण, तो अपरिहार्य. त्यापलीकडे संस्था खरोखर जे करते तेवढेच. छापील साहित्य असेल तर १६, अ‍ॅप आणि डाउनलोड होणारे अभ्याससाहित्य असेल तर ९, संशोधन सेवा असेल तर ४२, संलग्न रुग्णालय असेल तर ४४, नाव छापलेले टी-शर्ट विकत असाल तर २५. पंचेचाळीसही वर्गांत अर्ज टाकण्याचा सल्ला कोणी दिला तर तो घेऊ नका. न वापरलेल्या वर्गांतली नोंदणी पुढे कलम ४७ ला बळी पडते.

वापराची तारीख हा अर्जातला सगळ्यात नाजूक रकाना. आधीपासून वापर सांगत असाल तर प्रतिज्ञापत्र आणि कागद सोबतच जोडावे लागतात. पेटीतला सर्वात जुना, तारीख असलेला कागद जो सांगेल तीच तारीख लिहा. न्यास १९६० चा, पण हे नाव १९८५ पासूनचे, तर १९८५. नाव बदलले असेल तर नव्या नावासाठी बदलाची तारीख. ही तारीख नंतर मागे नेणे फार कठीण जाते, आणि फुगवलेली तारीख विरोधकाने उघडी पाडली की बाकीच्या खऱ्या कागदांवरचाही विश्वास उडतो.

सावधान: नोंदणी प्रमाणपत्र हाती येईपर्यंत नावापुढे वर्तुळातला 'आर' लावू नका. नोंदणी नसताना ती असल्याचे दाखवणे हा कायद्याचा भंग आहे. 'टीएम' लावायला हरकत नाही.

सावधान: अर्जात दिलेला ईमेल पदाचा असावा, व्यक्तीचा नको. कार्यालयाचा पत्रव्यवहार ईमेलवर येतो आणि ती रीतसर बजावणी धरली जाते. एका संस्थेचा परीक्षण अहवाल (अर्ज तपासून कार्यालय आक्षेप कळवते ते पत्र) निवृत्त कुलसचिवांच्या खात्यात पडून राहिला आणि अर्ज सोडून दिल्याचे नोंदले गेले. ते कळले दीड वर्षाने.

## टप्पा ६: परीक्षण अहवालाला उत्तर

मुदत एक महिन्याची. शिक्षणसंस्थांना बहुतेक दोनच आक्षेप येतात.

पहिला कलम ९ चा: नाव गावाचे आहे किंवा वर्णनात्मक आहे. 'कोकण', 'पुणे', 'कृषी', 'तंत्रनिकेतन' यांसारखे शब्द. उत्तरात "आमचे नाव प्रसिद्ध आहे" एवढे लिहून भागत नाही. अर्जाच्या तारखेपूर्वीच वापरामुळे नावाला वेगळी ओळख मिळाली होती, हे पेटीतल्या कागदांनी वर्षवार दाखवा. 'विद्यापीठ' या शब्दावर एकट्याने हक्क सांगू नका. तो सोडून दिला तरी तुमचे काही जात नाही.

दुसरा कलम ११ चा: सारखे चिन्ह आधीच नोंदीत आहे. ते चिन्ह तुमच्याच न्यासाचे किंवा भगिनी संस्थेचे असेल तर संमतीपत्र जोडा. परक्याचे असेल आणि तुमचा वापर त्याच्याआधीचा असेल तर तसे सिद्ध करा. वेगळी पण प्रामाणिक समांतर वाटचाल असेल तर कलम १२ आहे.

## टप्पा ७: जर्नल आणि विरोध

जर्नल दर सोमवारी निघते. तुमचा अर्ज त्यात आला की कोणीही चार महिन्यांत विरोध करू शकतो. दुसऱ्याचा अर्ज आला तर तेच चार महिने तुमचे. ही मुदत वाढत नाही. विरोध टीएम-ओ नमुन्यात, ऑनलाइन फी २,७०० रुपये.

१. विरोधाची नोटीस मिळाल्यापासून अर्जदाराने दोन महिन्यांत प्रतिनिवेदन, म्हणजे विरोधाला लेखी उत्तर द्यायचे. नाही दिले तर अर्ज सोडून दिला असे मानले जाते. विद्यापीठाची फाइल "कुलगुरू दौऱ्यावर आहेत" म्हणून टेबलावर राहते आणि पन्नास वर्षांचे नाव दोन महिन्यांत हातचे जाते.

२. प्रतिनिवेदन मिळाल्यावर विरोधकाने दोन महिन्यांत प्रतिज्ञापत्रावर पुरावा द्यायचा. न दिल्यास विरोध सोडून दिला असे धरतात.

३. मग अर्जदाराचा पुरावा दोन महिन्यांत, त्यावर विरोधकाचे प्रत्युत्तर एका महिन्यात, आणि त्यानंतर सुनावणी.

चार महिने हुकले आणि समोरच्याची नोंदणी झाली तर कलम ५७ खाली नोंद दुरुस्त करण्याचा किंवा रद्द करण्याचा अर्ज निबंधकाकडे किंवा उच्च न्यायालयात करता येतो. वाट उरते, पण लांबची आणि खर्चाची.

तपासा: दर सोमवारी जर्नलमधला वर्ग ४१ पाहायची जबाबदारी एका नावानिशी ठरलेल्या माणसावर आहे का?

## टप्पा ८: कोणी नाव वापरू लागले तर

सर्वांत जास्त घोळ इथे होतो. क्रम असा:

१. आधी पुरावा, मग आवाज. पाटी, पत्रक, संकेतस्थळ, शुल्काची पावती यांचे तारखेसह फोटो आणि प्रती घ्या. नोटीस गेली की संकेतस्थळ रातोरात बदलते.

२. गोंधळाचे दाखले जमवा. तुमच्या कार्यालयात चुकून आलेले पालक, भलत्याचीच गुणपत्रिका पडताळायला आलेली कंपनी, चुकीच्या खात्यात भरलेले शुल्क. खिडकीवरच्या कर्मचाऱ्याला एक वही द्या: तारीख, कोण आले, काय विचारले. अमेरिकेत २०१६ मध्ये साउथ टेक्सास कॉलेज ऑफ लॉने नाव बदलून 'ह्यूस्टन कॉलेज ऑफ लॉ' केले, तेव्हा ह्यूस्टन विद्यापीठ काही दिवसांतच न्यायालयात गेले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अंतरिम मनाई मिळवली. नावासोबत लाल-पांढऱ्या रंगसंगतीचा मुद्दाही त्यात होता. शेवटी त्या महाविद्यालयाला वेगळे नाव घ्यावे लागले. वेग आणि हाताशी असलेले दाखले, दोन्ही लागतात.

३. आधार ठरवा. नोंदणी असेल तर कलम २९ खाली उल्लंघनाचा दावा, आणि कलम १३४ मुळे तो तुमच्या ठिकाणच्या जिल्हा न्यायालयात करता येतो. नोंदणी नसेल तर पासिंग ऑफ, म्हणजे आपल्या नावाच्या ख्यातीवर दुसरा आपले काम खपवतो असा दावा. त्यात ख्याती, फसवे साधर्म्य आणि नुकसान सिद्ध करावे लागते, आणि ठिकाणाची ती सवलत मिळत नाही.

४. मग नोटीस. नोंदणी क्रमांक असेल तरच 'नोंदणीकृत' लिहा. बिनबुडाच्या धमकीविरुद्ध कलम १४२ खाली समोरचाच दावा करू शकतो. मागणी नेमकी ठेवा: काय काढायचे, कुठून, किती दिवसांत.

५. दावा. तातडीची मनाई मागायची नसेल तर व्यावसायिक न्यायालय कायद्याच्या कलम १२अ नुसार आधी मध्यस्थी सक्तीची आहे. तातडी आहे म्हणायचे आणि प्रकरण कळल्यावर आठ महिने गप्प बसायचे, हे न्यायाधीशांना पटत नाही. आणि माहीत असूनही सलग पाच वर्षे समोरच्याच्या नोंदणीकृत चिन्हाचा वापर चालू दिला तर कलम ३३ आडवे येते.

नोटीस तुम्हालाच आली असेल तर त्याच दिवशी कॅव्हेट (आम्हाला ऐकल्याशिवाय आदेश देऊ नये, अशी न्यायालयाला आगाऊ विनंती) दाखल करा. तो ९० दिवस टिकतो, आणि तुमचे म्हणणे न ऐकता एकतर्फी मनाई होण्याचा धोका कमी होतो.

माझ्या अनुभवात नाव वापरणारा क्वचितच परका असतो. करार संपलेले अभ्यासकेंद्र, फुटून निघालेला विश्वस्तांचा गट, माजी विद्यार्थी संघ, जुनी भागीदार शाळा. दिल्ली पब्लिक स्कूल सोसायटीलाही आपले नाव आणि मशालीचे चिन्ह दुसऱ्या एका फाउंडेशनविरुद्ध राखायला दिल्ली उच्च न्यायालयात जावे लागले होते. म्हणून नाव वापरू देणाऱ्या प्रत्येक करारात चार कलमे हवीतच: नाव कोणाचे, कुठे व कसे वापरायचे, गुणवत्तेवर देखरेख कोणाची, आणि करार संपल्यावर किती दिवसांत पाटी, संकेतस्थळ, शिक्के आणि समाजमाध्यमांची खाती परत करायची. शेवटचे कलम नसले की केंद्र बंद होते आणि पाटी तशीच राहते.

## टप्पा ९: तडजोड करताना

दोघांचा वापर जुना आणि प्रामाणिक असेल तर तडजोड चांगली. फक्त "गोंधळ होणार नाही याची काळजी घेऊ" असले वाक्य नको. कोण कोणते पूर्ण नाव वापरेल, छोटे नाव कोणाचे, गावाचे नाव पाटीवर किती मोठे, रंग कोणते, कोणत्या वर्गात कोण अर्ज करणार, सगळे लिहा आणि पाटीचा नमुना परिशिष्टात जोडा. दावा चालू असेल तर तडजोड न्यायालयात नोंदवून हुकूमनामा घ्या. विद्यार्थ्यांच्या जुन्या गुणपत्रिकांच्या पडताळणीचे काय, हे कलम मी नेहमी घालायला लावते. भांडण संस्थांचे असते आणि परदेशी विद्यापीठाच्या खिडकीवर अडकतो तो विद्यार्थी.

## नूतनीकरण

नोंदणी अर्जाच्या तारखेपासून १० वर्षांची. मुदत संपण्याआधीच्या वर्षभरात नूतनीकरण करता येते. उशीर झाल्यास सहा महिने अधिभारासह, आणि त्यापुढे मुदत संपल्यापासून एक वर्ष पुरे होईपर्यंत पुनःस्थापनेचा अर्ज. दहा वर्षांत तीन कुलसचिव बदलतात, म्हणून ही तारीख माणसाच्या डायरीत न ठेवता पदभार हस्तांतराच्या यादीत लिहा. तिच्याच खाली ट्रेडमार्कच्या ईमेल खात्याचा पासवर्ड कोणाकडे आहे तेही लिहा.